न थांबणाऱ्या रक्ताचं गणित

लग्न होऊन मी केडगावला आले तेव्हा घरात एका विषयावर कुणी बोलत नसे. माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ लहानपणीच गेला होता. दुधाचा दात पडला आणि हिरडीतून रक्त यायला लागलं, ते थांबलंच नाही. नवऱ्याने हे एकदाच सांगितलं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नगरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे, नवरा नागापूरला कारखान्यात होता. मला दिवस राहिले तशी घरातली शांतता वाढली. एकदा जेवताना नवरा म्हणाला, "आपल्याला मुलगा झाला आणि त्याचंही तसंच असलं तर?"

शेवटी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना मी स्टाफरूममध्ये गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या मिस्टरांना कापलं तर रक्त थांबतं?"

"थांबतं की. कारखान्यात रोज काहीतरी लागतं. चिंधी बांधतात आणि काम करतात."

"मग घाबरताय कशाला? लक्षणांवरून हिमोफिलिया वाटतोय. तो दोष एका विशिष्ट गुणसूत्रावर असतो. बाईकडे तशी दोन असतात, पुरुषाकडे एकच. मुलग्याला ते फक्त आईकडून मिळतं."

ऑफ तासाला मी कागद घेऊन बसले. दोष असेल तर एक, नसेल तर शून्य. सासूबाई शून्य आणि एक, सासरे शून्य. मुलग्याला आईच्या दोनपैकी कुठलंही एक. दिराला एक मिळाला, नवऱ्याला शून्य. दोष असता तर त्याच्या रक्तातून दिसलाच असता, झाकायला दुसरं गुणसूत्रच नव्हतं. माझ्या माहेरी असं कधी कुणाला झालं नव्हतं, म्हणून माझ्याकडे दोन शून्यं धरली. मग मॅट्रिक्स मांडून पुढच्या पिढ्या काढल्या. दर वेळी शून्यच आलं. उत्तर कागद न घेताही दिसण्यासारखं होतं, पण मला ते स्वतःच्या हाताने काढायचं होतं. नव्याने दोष उद्भवू शकतो, पण क्वचित, असं बाई म्हणाल्या. तेवढी धास्ती कुठल्याही आईला असते. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

नवऱ्याला सांगणं सोपं गेलं. सासूबाईंचं अवघड होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्या ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर ज्वारीचा एक दाणा आणि एक उडीद ठेवला.

"आत्याबाई, हे दोन तुमच्याकडचे. दर मुलग्याला यातला एकच जातो. यांना ज्वारी आली, भावजींना उडीद. यांच्याकडे उडीदच नाही, तर आमच्या बाळाला कुठून येणार?"

त्यांनी उडीद उचलला. "म्हंजी माझ्याकडूनच आलं त्याला."

"तुमच्याकडून आलं. पण तुम्ही दिलं नाही. कुठला दाणा जाणार ते कुणाच्याच हातात नसतं."

"तो पोटात हुता तवा गिरान लागलं हुतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी इळीवर भाजी चिरली. घरात कुनी न्हवतं. त्याला सारखं रगत यायचं ना, मला वाटायचं, माझ्या इळीनंच केलं समदं. कुनाला बोलले न्हाई."

"ग्रहण लागलं तेव्हा दाणा कधीच पडून गेला होता, आत्याबाई. भाजी चिरा, नाहीतर चिरू नका."

"खरं सांगतीस?"

"खरंच."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या. मी हात धरून शेजारी बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि मला विचारलं, "जेवलीस का?" त्या संध्याकाळी त्या पहिल्यांदाच त्या मुलाबद्दल मोकळेपणी बोलल्या. तो फार हसरा होता, म्हणाल्या, आणि त्याला गुळाची पोळी लई आवडायची.

आम्हाला मुलगाच झाला. चालायला लागल्यावर अंगणात पडून त्याचा गुडघा फुटला, तेव्हा सगळं गणित विसरून मी धावत सुटले. आत्याबाई आधीच पोहोचल्या होत्या. जखमेवर हळद दाबून धरत त्या म्हणाल्या, "पळू नगंस. थांबतंय हे."

थांबलं.