ताजा रंग

आर्वी गावातलं आमचं घर विकायला काढलं तेव्हा मागच्या खोलीतल्या ओल आलेल्या भिंतीला, तेवढ्या एकाच भिंतीला, मी रंग मारून घेतला. रविवारी घर पाहायला एक गृहस्थ आले. पांढरा पायजामा, काखेत कापडी पिशवी. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा प्रत्येक भिंतीवर तळहात ठेवायचे आणि पुढे सरकायचे. मागच्या खोलीत मात्र त्यांचा हात भिंतीवरून निघेचना.

"भाऊ, एकाच भिंतीले रंग काऊन मारला? मानूस मंग तीच भिंत पाह्यते. ओल असन तं सांगून टाकाचं."

"म्हणजे तुम्ही घर घेत नाही?" मी कसंबसं विचारलं.

"मी कायले घेतो? मले माह्यंच विकाचं हाय. लोकं कसं दाखवतात, ते पाहाले आलतो."

दारापर्यंत जाऊन ते परत वळले. आवाज एकदम खाली आला.

"लांबून तं बिलकुल समजत नाई. कोनत्या दुकानातून आनला हा रंग?"

मी दुकान सांगितलं. पिशवीतून कागद काढून त्यांनी ते लिहून घेतलं.