मागच्या सीटवरचे प्रल्हादभाऊ

प्रल्हादभाऊ कोणाच्याही गाडीत काम करायला पुढे बसत नसत. गाडी दोन दारांची असो, मागची सीट नुसती नावाला असो, ते पुढची सीट वाकवून मागे शिरत, गुडघे छातीपर्यंत आणून बसत आणि लॅपटॉप कसाबसा पोटाशी धरत. शिरण्याआधी चपला बाहेर काढत. अनवाणी पावलं गाडीच्या तळाला नीट टेकली की डोळे मिटत आणि म्हणत, "हं. चालव आता. बोलू नोको."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माणूस जरा सटकलेला आहे, असंच मला वाटलं. मी गोंदियाजवळ कुडव्याला त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये माझी स्पोर्ट्स कार घेऊन गेलो होतो. गोंदियात स्पोर्ट्स कार घेणारा माणूस स्वतःही फार शहाणा नसतो, हे मला मान्य आहे. आमच्या वडिलांनी ते चारचौघांत ऐकवलंही होतं. धानाची शेती सांभाळून आम्ही बियाण्यांचं दुकान टाकलं, दुकानाने बरकत दिली आणि मला ही दुर्बुद्धी झाली. रायपूरच्या एका व्यापाऱ्याकडून मी ती लाल गाडी जुनीच विकत आणली. हायवेवर ती सुसाट पळायची, पण गावात तिचं नि माझं पटत नव्हतं. पाय दाबला की आधी काहीच नाही, आणि मग एकदम असा हिसका की शेजारी बसलेल्या बायकोचं डोकं मागे आपटायचं. दोन-तीनदा आपटून घेतल्यावर बाई सरळ आपली स्कूटर काढायला लागल्या.

हल्लीच्या गाड्यांत इंजिनवर एक छोटा कॉम्प्युटर बसवलेला असतो. पेट्रोल किती सोडायचं, हवा किती घ्यायची, ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे सगळं तो ठरवतो. प्रल्हादभाऊ त्यातला कंपनीचा मूळ प्रोग्राम काढून जपून ठेवत आणि त्या गाडीला, त्या माणसाला मानवेल असा नवा घालून देत. रिमॅपिंग म्हणतात त्याला. पुण्याला एका कारखान्यात इंजिनं तपासण्याच्या कामावर त्यांनी बरीच वर्षं काढली होती. वडील गेल्यावर घरची शेती बघायला परत आले आणि शेतीच्या जोडीला हे सुरू केलं. त्यांच्याकडे येणारे बहुतेक जण इंजिनचा जोर वाढवून घ्यायला येत. मीही त्याचसाठी गेलो होतो.

"जोर तं हल्यातही रायते गा विजू," ते मला म्हणाले. हल्या म्हणजे आमच्याकडचा रेडा. "पन हल्यावर नवरदेव बसवते का कोनी?"

मग त्यांनी मला गाडी दवनीवाड्याच्या रस्त्याला घ्यायला लावली. समोर धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर रखडत चालला होता. मी हॉर्न वाजवून पुढे काढणार, तोच मागून आवाज आला, "काऊन घाई करून राहिला? मागंच राय त्याच्या." ट्रॅक्टरचा धूर खात मी मुकाट चालवत राहिलो. वाटेत लोक आमच्या गाडीकडे बघून हसत होते. मागे प्रल्हादभाऊ मधूनच डोळे उघडून कीबोर्डवर काहीतरी दाबत आणि पुन्हा डोळे मिटत. मी वैतागून म्हटलं, "भाऊ, लॅपटॉपवर सगळे आकडे दिसतात ना? मग डोळे मिटून काय बघता?"

"आकडे सांगतेत काय झालं," ते म्हणाले. "मानसाले कसं लागलं, थे नाई सांगत. पायानं जेवढं मांगतलं, तेवढंच गाडीनं द्याव. जास्त देलं तं थे देनं नाई होये, ढकलनं होये."

गाडीचा प्रत्येक धक्का, प्रत्येक थरथर त्यांना तळपायातून कळे. ह्या गिअरला पेट्रोल उशिरा येतंय, इथे ठिणगी जरा लवकर पडतेय, हे ते आधी पावलांनी ओळखत आणि मग स्क्रीनवर पडताळून बघत. दोन दिवस आम्ही असे रखडलो. तिसऱ्या दिवशी मी बायकोला आग्रहाने गाडीत बसवलं आणि बिरसीच्या विमानतळाकडे निघालो. डोक्यावर शिकाऊ पायलटांचं छोटं विमान घिरट्या घालत होतं. मोकळ्या रस्त्यावर मी गाडी दामटली, मग हळू केली, परत दामटली. गाडी पूर्वीपेक्षा वेगात होती, पण हिसका कुठे म्हणून नव्हता. बायकोने दाराचं घट्ट धरलेलं हँडल हळूच सोडलं. मग म्हणाली, "उद्या माहेरी हीच गाडी ने." आमच्या घरात ह्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणाला मिळालेलं नाही.

तेव्हापासून मला कुडव्याला जायची सवयच लागली. काम असो नसो, मी शेडमध्ये जाऊन बसे. तिथे माणसं बघायला मिळत. एकदा एका राइस मिलवाल्याचे चिरंजीव आले. त्यांना गाडीच्या सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे आवाज काढून हवे होते. "फटाके पायजेत तं दिवाळीले ये," म्हणून प्रल्हादभाऊंनी त्यांना वाटेला लावलं. शेडच्या मागेच त्यांचं घर. तिथून सुशीलावहिनी बिनसाखरेचा चहा पाठवत, कारण भाऊंना शुगर होती. भाऊ तो चहा निमूट पीत आणि गिऱ्हाइकांनी आणलेले पेढे वहिनींची पाठ वळली की तोंडात टाकत. मी टोकलं तर म्हणत, "शुगर तं आता घरोघरी हाये गा. पाहुन्यासारखी आली, राहून राहिली."

पण ती पाहुणी नव्हती.

दोन वर्षांनी, ऐन मे महिन्यात, माझ्या गाडीत खराब पेट्रोल गेलं आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलावे लागले. नवे बसवले, तरी गाडी पुन्हा हिसके मारायला लागली. मॅप, म्हणजे त्यांनी घातलेला प्रोग्राम, जरा जुळवून घ्यावा म्हणून मी भाऊंकडे गेलो. दुपारची वेळ होती. शेडपुढच्या सिमेंटच्या अंगणात गाडी उभी होती आणि ते सिमेंट असं तापलं होतं की कुत्रंही त्यावर पाय ठेवत नव्हतं. भाऊंनी सावलीत चपला काढल्या, ते अंगण शांतपणे ओलांडून आले आणि मागे बसले.

आम्ही फेरी मारली. भाऊंनी डोळे मिटले, बटणं दाबली, पुन्हा डोळे मिटले. परत अंगणात आल्यावर म्हणाले, "झालं. मस्त चालून राहिली." पण गाडी मस्त चालत नव्हती. तिसऱ्या गिअरला हळू घेतली की ती सरळसरळ अडखळत होती, आणि ते कळायला कोणा प्रल्हादभाऊंची गरज नव्हती. मला वाटलं, अजून काही करायचं राहिलं असेल. मी उतरून त्यांच्यासाठी सीट वाकवली आणि खाली पाहिलं. जिथे त्यांचे पाय होते, तिथे मॅट ओली झाली होती. पाणी सांडलं म्हणावं, तर गाडीत पाणी नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं, "तुमचा पाय भाजलाय."

"कोनता?" त्यांनी विचारलं.

मी वहिनींना हाक मारली. दोघांनी मिळून त्यांना शेडमधल्या बाजेवर बसवलं. दोन्ही तळव्यांना मोठे फोड आले होते आणि उजव्या पायाचा फुटला होता. वहिनी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पाणी आणून त्या पाय धुवायला लागल्या. भाऊ आपल्याच पायाकडे दुसऱ्याची वस्तू बघावी तसे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सुशीला, डाव्या पायाले कोठं बी दाब. कोठं दाबलं थे मी सांगतो."

वहिनींनी टाचेजवळ अंगठा रोवला. भाऊ वाट बघत राहिले.

"दाब ना वो."

"दाबून राहिली ना जी," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी डोळे उघडले आणि तो अंगठा पाहिला. मग त्यांनी मला विचारलं, "विजू, खरं सांग. गाडी अटकून राहिली होती का?"

"हो," मी म्हटलं. "तिसऱ्या गिअरला. चांगलीच."

त्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी संध्याकाळी जे सांगितलं, ते त्यांना तिथेच कळून चुकलं होतं. शुगरने पायांच्या नसा मेल्या होत्या, आणि त्या एका दिवसात मेलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा भाऊ पट्टी बांधलेले पाय बाजेवर ठेवून फोन करत होते. आजवर ज्यांच्या ज्यांच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, त्या सगळ्यांना ते सांगत होते, "मायी पावलं मेलीत. तुमच्या गाडीचं काम बरोबर झालं का नाई, मले सांगता येत नाई. घेऊन या, कंपनीचं होतं तसं करून देतो."

वहिनी दारात उभ्या होत्या. "हे असं गावभर सांगान तं उद्या कोन येईन तुमच्याकडं?" त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. इकडे भंडाऱ्यापासून तिकडे बालाघाटपर्यंत भाऊंचं नाव होतं आणि त्या नावावरच घर चालत होतं. मीही वहिनींची बाजू घेतली. म्हटलं, "ज्यांना त्रास होतोय ते येतील आपणहून. बाकीच्यांना कशाला उठवता?"

भाऊ रागावले. मी त्यांना रागावलेलं पाहिलं ते तेवढंच. "कोनाची गाडी ऐन टायमाले अटकली, अन् मागून ट्रक आला, तं त्याच्या मायले जाऊन काय सांगू? का मले वाटलं बरोबर हाये?"

लोक यायला लागले. कोणी हळहळत आले, कोणी नुसती गंमत बघायला. मी माझी गाडी शेवटी नेली आणि हट्ट धरला की निदान पहिल्या वेळचा मॅप परत घाला. तो उत्तम होता, माझी बायको साक्षीला आहे.

"त्या टायमाले तरी पाय जित्ते होते का, कोनाले मालूम?" ते म्हणाले. "कधीपासून गेले, हेच तं मले समजलं नाई." आणि त्यांनी माझ्याही गाडीत कंपनीचा मूळ प्रोग्राम घातला. बायको पुन्हा स्कूटरवर गेली.

एक गाडी मात्र राहिली. तिच्या मालकाने ती बालाघाटच्या एका कापड दुकानदाराला विकून टाकली होती. भाऊंचा उजवा पाय तोवर भरत नव्हता, उलट काळा पडत चालला होता. तरी ते माझ्यामागे लागले आणि मला त्यांना घेऊन जावं लागलं. दुकानदार भला माणूस होता. सगळं ऐकून हसला आणि म्हणाला, "भैया, गाडी तो एकदम मख्खन चल रही है. रहने दो ना."

"चल रही होगी सेठ," भाऊ म्हणाले. "लेकिन क्यूं चल रही है, वो मेरे को मालूम नही."

दुकानदाराचं हसू थांबलं. त्याने किल्ली काढून दिली. भाऊंनी काम केलं, त्याने देऊ केलेला चहा घेतला आणि परतीच्या वाटेवर ते माझ्या गाडीत गाढ झोपले. गाडी जागोजागी हिसके देत होती, पण त्यांना जाग आली नाही.

पुढचं सांगायला मला जड जातं. नागपूरला नेलं, पाय कापावा लागेल म्हणाले, कापलाही. पण विष अंगात भिनलं होतं. धान कापणीला आलं होतं तेव्हा प्रल्हादभाऊ गेले.

कुडव्याहून अंत्ययात्रा निघाली तेव्हा मागे गाड्याच गाड्या होत्या. कुठून कुठून आले होते लोक. तो बालाघाटचा दुकानदारही होता. पुढे खांदेकरी चालत होते आणि त्यांच्या चालीने आम्ही सगळे पहिल्या गिअरमध्ये सरकत होतो. माझी गाडी हिसका देई, थांबे, पुन्हा हिसका देई. पुढच्याचं तेच, मागच्याचं तेच. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल, एकालाही गाडी चालवता येत नाही. मागच्या गाड्या मला आरशात दिसत होत्या आणि पुढच्या समोर दिसत होत्या. ज्या माणसाने आमच्या गाड्यांवर जीव ओतला, त्याच्या हातचं आता आमच्यापैकी एकाच्याही गाडीत काही उरलं नव्हतं. त्याने स्वतः एकेकाला बोलावून ते काढून घेतलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

माझ्या पुढची गाडी कडेला लागली आणि तिचा मागचा लाल दिवा विझला. तिचा मालक खाली उतरला आणि दार लावून चालायला लागला. मग दुसरा उतरला. मीही गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे पायी निघालो.