कॅप्टनसाहेबांचा उजवा पाय

तिच्या नाकावर राग असायचा हे खरं, पण तो तिथे उगाच येऊन बसला नव्हता. विमान शिकायला येण्याआधी काही वर्षं ती विमानतळाच्या काउंटरवर उभी राहिली होती. दुसऱ्याच्या विमानाला उशीर, आणि शिव्या खायच्या हिने. त्याही हसून. हसून हसून गाल दुखायचे आणि गिळलेला राग पोटात साचायचा. शेवटी एक दिवस तिने ठरवलं, की आता बॅगांना चिठ्ठ्या चिकटवणं पुरे, आपण पुढच्या खुर्चीत बसायचं. उड्डाणशाळेत आली आणि साचलेलं सगळं बाहेर पडू लागलं. पोरांनी आठवड्याभरात तिचं नाव ठेवलं, ठिणगी.

बरोबरचे सगळे एकेक करून सोलो गेले, म्हणजे शेजारी कुणी नसताना एकट्याने विमान वर नेऊन धडपणे खाली घेऊन आले. असा कुणी उतरला की बाकीचे त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतत, ही तिथली जुनी रीत. दर वेळी बादली भरायला ठिणगी पुढे. कोरडी राहिलेली ती एकटीच.

तिला शिकवायचे कॅप्टनसाहेब. इस्त्रीचा शर्ट, भारदस्त आवाज, आणि पाठीमागे एक जुनी गोष्ट. कधीकाळी त्यांच्या एका विद्यार्थ्याने विमान गवतात घालून पंखा वाकवला होता. तेव्हापासून साहेबांचा विश्वास फक्त एका माणसावर उरला होता आणि तो माणूस ते स्वतःच होते. विमानात शिकवणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी बसतात. दोघांपुढे सारखीच दांडी आणि दोघांच्या पायाशी सारखीच पेडल्स. कंट्रोल देताघेताना तो बोलून द्यायचा, बोलून घ्यायचा, म्हणजे घोळ नको.

"कंट्रोल तुझ्याकडे," कॅप्टनसाहेब म्हणायचे.

"कंट्रोल माझ्याकडे," ती म्हणायची.

मग ती विमान उतरवायची. चाकं अशी अलगद टेकायची की तिचं तिलाच कौतुक वाटावं. साहेब मान डोलावायचे आणि म्हणायचे, "छान. पण सोलोला अजून वेळ आहे. हात बसू दे."

"अजून किती बसायचा राहिलाय, सर? आता झोपायलाच आलाय!" एकदा ती बोलून गेली. साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि हेडफोन खुंटीला लावला.

मग शाळेच्या मुख्य शिक्षिकेने, म्हणजे चीफ मॅडमनी, फर्मान काढलं. मागे राहिलेल्याची परीक्षा त्या स्वतः घेणार. पास झाला तर सोलो, नाही तर तुकडीतून बाहेर. आणि बाहेर पडलेल्याला ही शाळा पुन्हा घेत नसे. ठिणगीला उलट बरंच वाटलं. साहेबांच्या तावडीतून सुटले एकदाची, असं म्हणत ती परीक्षेला गेली.

परीक्षेचा पार विचका झाला. मॅडम शेजारी हाताची घडी घालून, पाय मागे ओढून बसल्या. ठिणगीने इंजिनाला जोर दिला, विमान पळू लागलं आणि नाक डावीकडे वळलं ते वळलंच. या विमानाची खोडच तशी; पुढचा पंखा जोरात फिरला की ते डावीकडे ओढतं आणि उजव्या पायाने पेडल दाबून त्याला सरळ ठेवावं लागतं. पुस्तकातलं ते पान तिला तोंडपाठ होतं. पण गवत समोर आलं तरी तिचा पाय ढिम्म हलेना. शेवटी मॅडमनी विमान सावरलं. उतरताना तर ते असं तिरकं आपटलं की चाकांनी किंकाळी फोडली.

"पाय कुठे होते गं तुझे?" मॅडमनी विचारलं. "झोपले होते?"

मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "परवा पुन्हा बघते. शेवटचं. उद्या तुमच्या साहेबांबरोबर सराव करून घे, दुसरं कुणी मोकळं नाही."

घरी येऊन तिने बूट भिरकावले. आई इस्पितळातली पाळी संपवून नुकतीच आली होती, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मी तुला मोटार शिकवली तेव्हा आठवतं? दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते मी."

"आणि केवढी ओरडत होतीस! अख्खा रस्ता गोळा केला होतास."

"मग! जीव मुठीत होता बाई माझा. पण ओरडले म्हणून काय झालं, हात बाहेर काढला का? एकदा काढला असता ना, तर तू कायम माझ्याच हाताने चालवली असतीस."

ठिणगीला एकदम काहीतरी उमगलं. साहेबांबरोबर विमान कधीच डावीकडे गेलं नव्हतं. एकदाही नाही. मग उजवं पेडल इतके महिने दाबत कोण होतं? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ती शहाण्या मुलीसारखी विमानात बसली. "कंट्रोल माझ्याकडे," मोठ्याने म्हणाली. विमान जमिनीपासून चांगलं उंच गेल्यावर तिने दोन्ही पाय गुपचूप पेडलवरून काढले आणि खालच्या पत्र्यावर सपाट ठेवले. विमान चढत होतं, नाक सरळ होतं. तिने खाली पाहिलं. तिच्या बाजूचं उजवं पेडल आपलं आपण दाबलेलं होतं. तिने दांडी वळवली तर विमानाबरोबर पेडल्सही हलली, अगदी हवी तेवढी. दोन्हीकडची पेडल्स आतून एकमेकांना जोडलेली. एकाने दाबलं की दुसऱ्याचंही खाली जातं.

"सर, जरा खाली बघा. माझे पाय कुठे आहेत?"

साहेबांनी पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बुटाचा पुढचा भाग पेडलवर, उजवा घोटा ताणलेला.

"मी फक्त ठेवलाय," ते म्हणाले. "दाबत नाहीये."

"दाबत नाहीये? मग हे काय भूत दाबतंय का? रोज तोंडाने म्हणायचं कंट्रोल तुझ्याकडे, आणि पायाने काढून घ्यायचा! वर मलाच ऐकवायचं, हात बसू दे! उद्या मला हाकलतील, सर. तुमच्या पायामुळे हाकलतील!"

साहेबांना खरंच ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या उतरलेल्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यामुळे तिचा राग कमी झाला नाही. उलट वाढला. जाणूनबुजून केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

"पाय मागे घ्या," ती म्हणाली. "सीटखाली. आणि हात मांडीखाली."

"अगं, मी शिक्षक आहे इथला."

"मग शिकू द्या ना मला!"

त्यांनी पाय मागे घेतले. थोड्या वेळाने हातही मांडीखाली गेले. त्या दिवशी ठिणगीने विमान वाकडंतिकडं नेलं, आपटलं, उडवलं, पुन्हा आपटलं. कॅप्टनसाहेब इतके ओरडले की त्यांचा तो भारदस्त आवाज बसला. पण पाय बाहेर आले नाहीत. संध्याकाळ होत आली तशी तिच्या उजव्या पोटरीत गोळे येऊ लागले. त्या दुखण्याचा तिला एवढा आनंद झाला की ती लंगडत, शिव्या देत घरी गेली.

परीक्षेत ती काही अलगद उतरली नाही. धप्पकन उतरली, पण सरळ उतरली. मॅडमनी पुन्हा एक फेरी मारायला लावली आणि मग विमान कडेला थांबवून पट्टा सोडला. "कंट्रोल तुझ्याकडे," असं म्हणून त्या खाली उतरल्या.

शेजारची खुर्ची रिकामी. तिने जोर दिला, विमान डावीकडे ओढू लागलं आणि तिने उजवा पाय दाबला. रिकाम्या खुर्चीपुढचं पेडलही खाली गेलं. या वेळी तिच्यामुळे. एवढे महिने फुकट घालवले माझे, असं ती भर आकाशात मोठ्याने म्हणाली, आणखीही बरंच म्हणाली, आणि एक वळसा घालून परत आली. धप्पकन. सरळ.

पोरं बादल्या घेऊन तयारच होती. नखशिखांत भिजून, केस पिळत ती उभी असताना चीफ मॅडम हसत जवळ आल्या. "तू वर असताना तुझे साहेब माझ्या शेजारी उभे होते. हात पाठीमागे बांधून. पण उजवा पाय बघायला हवा होतास. तुझं विमान पळायला लागल्यापासून जमिनीवर दाबून धरला होता. उतरून थांबलीस तेव्हा उचलला."

ठिणगीने विमानांच्या हँगरकडे पाहिलं. कॅप्टनसाहेब एकटेच उभे होते, बूट झटकत. तिचा राग गेला नव्हता, आणि तो घालवायची तिला घाईही नव्हती.

"दाबू देत," ती म्हणाली. "पायाखाली आता नुसतं सिमेंट आहे."