नकाशात नसलेली तार

माझे वडील दिग्रसच्या जिनिंगमध्ये फिटर होते. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांचा आवाज ऐकून कुठला पट्टा सैल झालाय हे ते डोळे मिटून सांगायचे. छप्पन्न साली आमच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि परत येताना वडिलांनी बसमध्येच ठरवून टाकलं की पोराला यंत्राच्या खाली नाही, यंत्रात बसवायचं. नागपूरच्या फ्लाइंग क्लबात सरकारी स्कॉलरशिपवर मी आधी विमान शिकलो, मग एका खाजगी कंपनीत हेलिकॉप्टर. ही कंपनी कपाशीवर फवारणी करायची. त्यामुळे इतकं सगळं करून पहिल्याच नोकरीत मी परत यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रस आणि महागावच्या मधल्या एका माळावर, तंबूत येऊन पडलो.

तिथे आम्ही दोन वैमानिक होतो. दुसरे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, सैन्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. फवारणीचं उडणं कसं असतं ते मला त्यांनी शिकवलं. पहाटे रोटरची पाती ओल्या फडक्याने पुसायची, कारण औषधाचा थर साचला की पातं जड होतं. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरायचं, पाण्याचा थेंब दिसला तर उडायचं नाही. शेपटीकडे माणूस फिरकू द्यायचा नाही. कपाशीच्या वर डोकंभर उंचीवरून जायचं, पण वेग सोडायचा नाही. कमी उंचीवर वेग नसताना हवेत थांबलं आणि इंजिनाने दगा दिला, तर काहीच करता येत नाही.

आणि तारांबद्दल. "तार दिसत नाही," ते म्हणायचे, "खांब दिसतात. म्हणून खांब मोजायचे. आणि तार ओलांडायची ती खांबाच्या डोक्यावरूनच."

त्या वर्षांत गावोगावी वीज येत होती. आज मोकळं असलेलं वावर उद्या तारांनी बांधलेलं असायचं. म्हणून कंपनीचा नियम होता की कॅम्प मॅनेजरने आदल्या संध्याकाळी प्रत्येक वावर पायी फिरून नकाशावर खांब, तारा, विहिरी, झाडं मांडायची. आमचा मॅनेजर गोरा, नीटनेटका, धुतलेल्या पांढऱ्या बुशशर्टातला माणूस. बांधाधुऱ्यावरून चालताना त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. तो दिग्रसला एका व्यापाऱ्याच्या ओसरीवर पान खात नकाशे काढायचा. हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. उस्तादांनी त्याला दोनदा सुनावलंही होतं.

बोंडअळीचा जोर वाढला होता, त्या आठवड्यातली गोष्ट. एक दिवस मी उडायचो, एक दिवस उस्ताद. त्या दिवशी त्यांची पाळी होती. निघण्याआधी नकाशा आम्ही दोघांनी जीपच्या बॉनेटवर पसरून पाहिला. वावर लांबट, पश्चिमेला नाला, उत्तरेला चार बाभळी. तार नाही. मी तो कागद माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

पूर्वेकडे तोंड करून ते दुसऱ्या फेरीला निघाले तेव्हा सूर्य समोर होता. आदल्याच दिवशी बाजूच्या बागायतदाराने विहिरीवर मोटर बसवण्यासाठी रस्त्यावरच्या खांबावरून दोन तारा ओढून घेतल्या होत्या. दुसरा खांब बाभळींच्या आड. मी औषधाच्या पिंपांपाशी उभा होतो. मला तार दिसली नाही. मशीन अचानक पुढे झुकलेलं दिसलं, जसं कुणी मागून मानेला धरून दाबावं तसं. मग कपाशीत तोंड खुपसून ते आडवं झालं. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा पाती तुटून पडली होती आणि टाकीतलं औषध त्यांच्या अंगावरून वाहत होतं. ते गेले होते.

यवतमाळच्या विश्रामगृहात चौकशी झाली. मॅनेजरने नकाशा पुढे ठेवला. त्यात तार होती. एक सरळ, बारीक, पेन्सिलीची रेघ.

मी उभा राहून म्हणालो, "ही रेघ नंतर काढली आहे. मी हा कागद त्या सकाळी पाहिला होता."

मॅनेजर माझ्याकडे न बघता चौकशीच्या साहेबांना म्हणाला, "ह्यांना नकाशा वाचता येतो का, ते आधी विचारा. कुठून कुठवर आलेत हे लोक, घाईत दिसलं नसेल."

खोलीत कुणीतरी हसलं. अहवालात आलं की वैमानिकाचा निष्काळजीपणा. उस्तादांच्या पत्नीला नागपूरला तो कागद मीच नेऊन दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि मला चहा विचारला.

त्या दिवसापासून मला त्या मॅनेजरचा सूड हवा होता. पुढच्या हंगामात कंपनीने मला राजूरकडच्या भागात पाठवायचं ठरवलं होतं. मी हातापाया पडून त्याच कॅम्पवर बदली मागून घेतली. लोकांना वाटलं, घर जवळ म्हणून. मी बदला घ्यायला आलो होतो, आणि तो कसा घ्यायचा हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी बारीकसारीक काही ना काही करत राहिलो. त्याने काढलेला नकाशा मी त्याच्यासमोर चार तुकडे करून टाकायचो आणि त्याला माझ्यासोबत भर उन्हात वावर चालायला लावायचो. त्याच्या पायताणाला काळी माती चिकटून पाय मणामणाचे झाले की मी मुद्दाम लांबचा धुरा धरायचो. तो तंबूबाहेर जेवायला बसला की मी मशीन असं उतरवायचो की रोटरच्या वाऱ्याने सगळी धूळ त्याच्या ताटात जायची. तो उठून ताट उपडं करायचा. तेवढ्याने माझं काही भागत नव्हतं. रात्री अंथरुणावर मी त्याला वेगवेगळ्या तऱ्हांनी मारत असे.

संधी चालत आली. हेड ऑफिसचे एक साहेब जीपने कॅम्पवर आले. वयस्क, चष्मेवाले, प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेणारे. कुठलं वावर राहिलं याचा घोळ चालला होता. ते मॅनेजरला म्हणाले, "वरून एकदा पाहून या ना. दहा मिनिटांचं काम."

मॅनेजरचा चेहरा उतरला. तो कधीच मशीनमध्ये बसला नव्हता. "माझी तब्येत..." तो म्हणाला.

"बसा," मी म्हटलं. "मी सांभाळून नेतो."

त्याचा पट्टा मी स्वतः आवळला. दारं आम्ही काढूनच ठेवलेली असायची. मशीन वर उठताच त्याने दोन्ही हातांनी सीटची कड पकडली. मी आधी सावकाश नेलं, महागावचा रस्ता, नाला, तांडा, सगळं दाखवलं. मग उस्ताद जिथे पडले त्या वावराकडे वळलो. तोवर त्या ओळीत चार खांब झाले होते. मी खाली येत गेलो, आणि तारेच्या बरोबर समोर, दहा-बारा हातांवर, तारेच्याच उंचीवर मशीन थांबवलं.

ऊन चढलं होतं, हवा पातळ झाली होती. इंजिन कण्हत होतं. जिथे थांबायचं नाही असं उस्तादांनी मला शंभर वेळा सांगितलं होतं, तिथेच मी थांबलो होतो.

"तार दिसते का?" मी त्याच्या कानात ओरडलो.

त्याने डोळे मिटले. मी मशीन वीतभर पुढे सरकवलं.

"डोळे उघड! दिसते का?"

"दिसते! दिसते!"

"त्या दिवशी नकाशात होती?"

"मी आलोच नव्हतो!" तो किंचाळला. "नंतर काढली! नंतर काढली मी! माझी लहान मुलं आहेत हो, मागे घ्या!"

मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. त्याच्या बुशशर्टावर घामाचे मोठे डाग पसरले होते, तोंडातून लाळ गळत होती, आणि मला वाटलं, अजून थोडा वेळ, अजून थोडं पुढे.

मग माझं लक्ष खाली गेलं. आमच्या अगदी पोटाखाली आमचा निशाणवाला होता. जवळच्या तांड्यावरचा, चाळिशीतला गोरमाटी, म्हणजे बंजारा माणूस. मशीनला ओळ दिसावी म्हणून वावराच्या टोकाला पांढरं निशाण धरून उभा राहणं हे त्याचं काम. रोटरच्या वाऱ्याने तो कपाशीत पडला होता. उठून त्याने निशाण डोक्यावर आडवं धरलं आणि जोरजोरात हलवू लागला. धोका आहे, निघा, अशी ती खूण. त्याच्या डोक्यावर यंत्र होतं, बाजूला तार होती, आणि मी त्याला पाहिलंच नव्हतं.

मी मागे सरलो, उंची घेतली, आणि कॅम्पवर आलो.

मॅनेजर उतरून ओकला. तोंड धुतलं. आणि अर्ध्या तासात पुन्हा नीटनेटका होऊन साहेबांसमोर म्हणाला, "ह्याने मला मारायचा प्रयत्न केला. मी काही कबूल-बिबूल केलेलं नाही."

साहेबांनी मला विचारलं, "तारेसमोर थांबवलं होतंस?"

"होय."

"बास. आजपासून तू उडणार नाहीस." त्यांनी वहीत लिहिलं.

मी पिंपांच्या सावलीत जाऊन बसलो. संध्याकाळी निशाणवाला आला. त्याचं कोपर सोललं होतं. तो बसला नाही.

"मले मारून टाकत होते ना आज," तो म्हणाला.

"तुले पाह्यलं नाही मी."

"नाही पाह्यलं! काहून नाही पाह्यलं? खाली मानूस असते हे तुमाले मालूम नाही काय?"

मी त्याला सगळं सांगितलं. रेघ, चौकशी, मॅनेजरचं किंचाळणं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे तर मले तवाच मालूम होतं."

"काय?"

"तार टाकली त्या सांजेले मी वावरातच होतो, निशाणाच्या काठ्या गाडून राह्यलो होतो. मॅनेजर आलाच नाही. दिवेलागणीले मीच दिग्रसले गेलतो, त्याले सांगतलं, साहेब, मोटरवाल्यानं तार टाकली. हव म्हने, टाकतो नकाशात. मले वाटलं, टाकली असन." त्याने कोपरावरची माती झटकली. "चौकशीले बी आलतो यवतमाळले. दिवसभर बाहेर उभा होतो. मॅनेजर बाहेर येऊन म्हने, तुह्यं काय काम इथं, जाय घरी."

"मग मले कायले नाही सांगतलं?"

"तुमी कवा इचारलं?" तो म्हणाला. "आल्यापासून नुसते दात खाऊन राह्यले. तुमच्यासंग बोलावं तरी कोनी?"

वर्षभर हा माणूस रोज सकाळी माझ्यासमोर निशाण धरून उभा होता. उस्ताद पडले तेव्हाही तो त्याच वावरात उभा होता. आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की याला विचारावं. लाज वाटली म्हणावं तर तेवढंही खरं नाही. आधी राग आला, माझाच, की इतकं सोपं होतं.

"आता सांगतो काय साहेबाले?"

"चला."

साहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि सगळं लिहून घेतलं. मॅनेजर मध्येच म्हणाला, "हा अडाणी माणूस, ह्याला तार काय नि दोरी काय! आणि हे दोघं मिळून आले आहेत."

साहेबांनी वही मिटली, निशाणवाल्याला जीपमध्ये घेतलं, आणि सरळ मोटरवाल्या बागायतदाराकडे गेले. मला नेलं नाही. तासाभराने परतले. बागायतदाराने सांगितलं होतं की तार अपघाताच्या आदल्या दिवशी दुपारीच ओढून झाली, हा माणूस तिथे होता, विहिरीवर पाणी प्यायला, आणि मॅनेजरला सांगायला जातो म्हणून त्याच्याच सालदाराच्या बैलगाडीतून दिग्रसला गेला. सालदारही तेच म्हणाला होता.

"आता बोला," साहेब मॅनेजरला म्हणाले.

तो बुशशर्टाचं खालचं बटण लावत राहिला.

त्याची नोकरी गेली. अहवालातलं ते वाक्य बदलायला आणखी बरेच महिने लागले, पण बदललं. नवा कागदही मीच नागपूरला नेला. उस्तादांच्या पत्नीने या वेळी तो मोठ्याने वाचला, दोनदा, आणि आतून मुलीला हाक मारून तिलाही वाचायला दिला.

मॅनेजर ज्या दिवशी जाणार होता त्या दिवशी मी दिग्रसच्या स्टँडवर मुद्दाम गेलो. यवतमाळच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता, ट्रंक टपावर चढवलेली. त्याने मला बघावं, एवढंच मला हवं होतं. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. तो केळीवाल्याशी घासाघीस करत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि जशी ओळख नसलेल्या माणसावरून नजर जाते तशी त्याची नजर पुढे गेली. केळी सोलून त्याने खायला सुरुवात केली. बस सुटली. वर्षभर रोज या माणसाच्या तोंडावर मला जे बघायचं होतं, ते त्या वेळी तिथे नव्हतं, आणि त्याचा राग मला आजही येतो.

त्या हंगामभर मला उडू दिलं नाही. मी पेट्रोल गाळत बसलो. बरोबरच होतं ते. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली तेव्हा पहिल्याच दिवशी मी वावराच्या टोकाला त्याच निशाणवाल्याला शोधलं. तो दुसऱ्या वैमानिकाच्या टोळीत उभा होता.

"माह्याकडं ये ना," मी म्हटलं. "तुह्यासारखा मानूस नाही दुसरा."

त्याने निशाण खांद्यावर टाकलं. "तुमी साहेब चांगले आहा," तो म्हणाला. "पन तुमच्या मशीनखाली मी नाही उभा राह्यत."

आणि तो धुऱ्याधुऱ्याने दुसऱ्या वावराकडे निघून गेला.