आतून कधीही न घासलेलं पिंप

एर्विन कुबेनाने सदतीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवर डांबर टाकलं आणि त्या सदतीस वर्षांत, कुणी विचारो न विचारो, प्रत्येक गोष्टीवर आपलं मत दिलं. मोरी कुठे काढावी, फादरनी प्रवचन कधी आवरतं घ्यावं, बायकोने पिठात लोणी किती घालावं. त्याचं कुणी ऐकत नसे. फक्त मांसाच्या बाबतीत टेक्ससमधलं ते लहानसं लिपोवा गाव त्याच्यापुढे मान तुकवी, आणि ही तुकवलेली मान बघायला एर्विनला फार आवडे.

जूनच्या शेवटच्या रविवारी तिथे चर्चची जत्रा भरते. जत्रेत गाईच्या छातीचं मांस धुरावर शिजवायचा मान एर्विनचा. तीस वर्षांत तो दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता. शनिवारी दुपारी तो मांडवामागे आपलं पिंप उभं करी, ओकची लाकडं पेटवी आणि चर्चमधली रविवारची मिसा, म्हणजे प्रार्थना, सुटेपर्यंत तिथून हलत नसे. त्याची बायको जॉर्जिन त्याला खुर्चीपाशीच कॉफी आणि कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, आणून देई. दुपारी लोक रांगेत येत, खात, बोटं चोखत आणि हमखास विचारत, "एर्विन, घालतोस तरी काय यात?"

"मीठ आणि मिरी," एर्विन म्हणे. "बाकी सगळं पिंपात आहे."

हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की शाळेतली पोरंसुद्धा त्याची नक्कल करत.

पिंप म्हणजे तेलाचं जुनं लोखंडी पिंप. आडवं ठेवून मधोमध कापलेलं, वरच्या अर्ध्याला बिजागरी आणि खाली बोअरच्या पाइपाचे चार पाय. आतून ते एकदाही घासलेलं नव्हतं. चरबी आणि धूर यांचा बोटभर जाड काळा थर आत बसला होता आणि एर्विन त्याला 'चव' म्हणत असे. एकदा जॉर्जिन बादली आणि तारेचा ब्रश घेऊन आली, तेव्हा तो दोन्ही हात पसरून पिंपापुढे आडवा उभा राहिला. लग्नाच्या दिवशीही त्याने इतक्या घाईने हात पुढे केला नव्हता.

पण गंजाला मान कळत नाही. पिंपाच्या तळाला तीन भोकं पडली. एर्विनने त्यांत फॉइलचे बोळे कोंबले, एका पायाखाली वीट सरकवली आणि प्रत्येक भोकाचं समर्थन तयार ठेवलं. पहिलं भोक हवा खेळायला, दुसरं चरबी गळायला. तिसऱ्याचं कारण अजून सापडायचं होतं.

गेल्या वर्षी त्या तिसऱ्याच भोकातून निखारा पडला. गवत वाळलेलं होतं. ते पेटत केकच्या टेबलापर्यंत गेलं आणि टेबलाच्या कापडाला लागलं. जत्रा समितीच्या लिओ यानाकने सरबताचं अख्खं पिंप त्यावर उपडं केलं. आग विझली, अकरा केक लिंबाच्या सरबतात पोहले, आणि ते केक करणाऱ्या बायकांनी वर्षभर एर्विनशी मोजकंच बोलणं ठेवलं.

जानेवारीत लिओ घरी आला. टोपीसुद्धा काढली नाही.

"भोकाचं पिंप यंदा जत्रेत येणार नाही," तो म्हणाला. "तळ बदल नाहीतर नवीन घे. नाहीतर मांस मार्विन करेल."

"आणि मी?"

"बायकांबरोबर बटाटे सोल. त्यांना माणसं कमी पडतात."

मार्विन म्हणजे जॉर्जिनचा भाऊ. त्याला अंडंसुद्धा धड उकडता येत नाही हे एर्विन तीस वर्षं प्रत्येक सणाला, मार्विनच्या समोर, सांगत आला होता.

आता निर्णय घ्यायचा होता, आणि मत देणाऱ्या माणसाला निर्णय घेणं किती जड जातं ते तेव्हा जॉर्जिनने बघितलं. वेल्डर म्हणाला, नवा तळ लावून देतो, पण आधी आतून खरवडून कोरं लोखंड काढावं लागेल. एर्विनने त्या वेल्डरशी बोलणंच टाकलं. मग तो नव्या भट्ट्या बघायला चार गावं हिंडला. प्रत्येक भट्टीवर बोटाच्या पेरांनी टकटक करून कान लावी आणि म्हणे, "हा पत्रा आहे. लोखंड नाही." एका दुकानात त्याने एकच झाकण इतका वेळ उघडलं-मिटलं की विक्रेता जेवून परत आला, तरी हा तिथेच.

"माझ्याशी लग्न ठरवायला तुला दोन शनिवारचे नाच पुरले," जॉर्जिन म्हणाली. "या डब्याला पाच महिने?"

"तू गंजलेली नव्हतीस."

"आणि आता?"

एर्विनने पेपर उघडला.

मे महिन्यात कळलं की मार्विनने लाकडाची चौकशी सुरू केली आहे. दुसऱ्याच दिवशी एर्विन नवी भट्टी घेऊन आला. जाड लोखंडाची, लांबलचक, मागच्या अंगणात मावेना अशी. दोन आठवडे तो तिला डुकराची चरबी चोळत आणि रिकामीच तापवत बसला. मध्येच त्याला वाटलं, जुन्या पिंपातला थर खरवडून नव्या भट्टीला लावावा. त्यासाठी त्याने कॉफीचा रिकामा डबाही शोधला. जॉर्जिन फक्त म्हणाली, "तो डबा घरात आला तर तू बाहेर झोपशील." थर जिथल्या तिथे राहिला.

जुनं पिंप त्याने भंगारवाल्यासाठी स्वतःच रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं. शेजाऱ्याला म्हणाला, "त्याचं काम झालं." आणि मग बाथरूममध्ये कडी लावून बसला, ते कुणी उचलून नेईपर्यंत. त्याला वाईट वाटलं होतं, चांगलंच वाईट वाटलं होतं. पण गंजक्या लोखंडासाठी डोळे पुसताना कुणी बघितलं असतं तर त्याला गाव सोडावं लागलं असतं.

उचलून नेलं ते भंगारवाल्याने नव्हे, मार्विनने. हे एर्विनला जत्रेच्या शनिवारीच कळलं. यंदा गर्दी जास्त म्हणून लिओने दोघांनाही भट्ट्या लावायला सांगितल्या होत्या. एर्विन दुपारपासून आपल्या खुर्चीत होता. संध्याकाळी मार्विन आला आणि त्याच्या गाडीमागून उतरलं ते पिंप. नवा तळ, काळा रंग, चारही पाय सरळ. मार्विन ते तिथे ठेवून घरी झोपायला गेला आणि सकाळी चहा-नाश्ता करून आला, मग जाळ केला.

दुपारपर्यंत मांडवभर बातमी झाली होती की कुबेनाचं पिंप मार्विनकडे आहे. रांग मार्विनपुढे लागली. एर्विनपुढे सात माणसं, त्यातली दोन वाट चुकून आलेली. गेल्या वर्षी जिचे तीन केक बुडाले होते ती म्हातारी अॅग्नेस ब्लाहुता मात्र मुद्दाम त्याच्याकडे आली. तिने एक काप घेतला, सावकाश खाल्ला.

"वाईट नाही," ती म्हणाली. "पण ती चव नाही रे. तूच म्हणायचास ना, चव पिंपात असते. नव्याला वेळ लागतो. हीच भट्टी तीस वर्षं वापर, मग बघ."

एर्विन तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होता.

त्याने चाकू ठेवला आणि तो मार्विनकडे गेला.

"आतला थर तसाच ठेवलास?" त्याने विचारलं.

"थर? छे रे," मार्विन म्हणाला. "वाळूचा मारा करून घेतला. आता आत बघून दाढी करता येईल. काय घाण साठवली होतीस, एर्विन. हे घे, खाऊन बघ."

एर्विनने तुकडा तोंडात टाकला. चावला. परत चावला. मांस घाईत शिजवलेलं, पट्ट्यासारखं चिवट, आणि धूर नुसता वरवर लागलेला. चावता चावता त्याला तीस वर्षांत कधी न सुचलेली गोष्ट कळली. चव पिंपात कधीच नव्हती. ती झाकणावर हात ठेवून जाळ ओळखणाऱ्या त्याच्या पंजात होती, रविवारपर्यंत न सोडलेल्या त्या खुर्चीत होती. त्याला आनंद झाला. इतका की सांगायला माणूस शोधत त्याने मागे वळून बघितलं.

मागे लिओ उभा होता, दुसरी ताटली घेऊन. तोंडात घास, जबडा जोरात चालू.

"मानलं तुला," घास कसाबसा गिळून लिओ म्हणाला. "आम्हाला वाटायचं एर्विन उगाच बोलतो. पण खरंच सगळं पिंपातच होतं बघ. आता मार्विनलासुद्धा जमतंय."

एर्विनने तोंड उघडलं. मांस चिवट आहे म्हणावं, तर हरल्याने जळतोय असं लोक म्हणणार. पिंप आतून कोरं आहे म्हणावं, तर तीस वर्षं खोटं का बोललास म्हणणार. आयुष्यभर कशावरही मत तयार असणाऱ्या माणसाने तोंड मिटलं आणि तो चालायला लागला.

मांडवाच्या टोकाला जॉर्जिन संध्याकाळच्या जेवणाचे बटाटे सोलत होती. तो तिच्याशेजारी बसला.

"मांस चिवट आहे त्याचं," तो म्हणाला.

"माहीत आहे. खाल्लं मी."

"पिंप आतून घासलंय."

"तेही माहीत आहे. त्याला वाळूवाल्याचा पत्ता मीच दिला."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? चव कशात आहे ते?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग सांग ना लोकांना. लिओला सांग."

"तीस वर्षं तुझ्या तोंडून ऐकलंय त्यांनी," जॉर्जिन म्हणाली. "आता माझं कोण ऐकणार?"

तिने दुसरा चाकू त्याच्याकडे सरकवला.

"साल पातळ काढ," ती म्हणाली.

एर्विनने पातळ काढली.