बेनीला टाळ्या लागायच्या

फोन आला तेव्हा तुळिंजच्या माझ्या दवाखान्यात एका बाईंची अक्कलदाढ काढणं चालू होतं. मदतनीस रेखाने दारातून खूण केली, "गिरीजहून फोन आहे, काका म्हणतात आत्ताच बोलायचंय." पास्कूकाकांनी मला कामाच्या वेळी कधीच फोन केला नव्हता. हातमोजे काढून मी रिसीव्हर घेतला. "वैजू, आपला बेनी गेला गं... सकाळी उठलाच नाही." झोपेतच फिट आली असावी, असं डॉक्टरांचं म्हणणं. मी परत आत आले, दाढ काढली, टाका घातला, औषधं लिहून दिली. बाहेरच्या खोलीत टेपवर बेनीचाच पियानो चालू होता, नेहमीसारखा. तो बंद करावा की राहू द्यावा, हे मला कळेना. शेवटी तसाच चालू ठेवून मी निघाले.

त्याला आता काही आठवडे झाले. बेनी, म्हणजे बेनेडिक्ट, पास्कूकाकांचा मुलगा, माझ्याच वयाचा. माझे वडील रत्नागिरीकडून वसईत शिक्षक म्हणून आले आणि गिरीजला पास्कूकाकांच्या वाडीतल्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या, तेव्हापासूनची आमची ओळख. मला सगळे वैजू म्हणत. तो एकटा कायम 'वैजयंती' म्हणायचा, कारण "वैजू हे अर्धंच नाव आहे." तो बोलताना तुमच्याकडे बघायचा नाही, केळीच्या पानांकडे बघायचा. खोटं त्याला बोलताच यायचं नाही. मी पहिल्यांदा साडी नेसून त्याला दाखवायला गेले, तर म्हणाला, "हिचा आवाज फार होतो." खळ घातलेली सुती साडी होती ती. मी रागावले, आणि मग घरी येऊन चालून पाहिलं, तर खरंच आवाज होत होता!

आवाज हेच त्याचं दुखणं होतं. कुकरची शिट्टी, लग्नातला बँड, दिवाळीचे फटाके... आपल्याला जे नुसतं ऐकू येतं ते त्याच्या अंगावर धावून यायचं. वाडीतला पाण्याचा पंप सुरू झाला की तो कानांवर हात ठेवून पार मागे, नारळांपलीकडे जाऊन बसायचा. पास्कूकाकांना वाटायचं, पोरगा काम चुकवतोय. ते ओरडायचे, आणि त्या ओरडण्याने तो आणखी लांब जायचा. शाळा मधेच सुटली. लोक 'वेडसर' म्हणायचे, काही जण समोरच. पुढे बऱ्याच वर्षांनी मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी याला ऑटिझम म्हणतात असं सांगितलं, तेव्हा काकांनी विचारलं होतं, "औषध काय?" औषध नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग नाव तरी कशाला दिलं?" आग्नेसमावशी मात्र, बेनीची आई, घरी येऊन मला म्हणाली, "नाव मिळालं ते बरं झालं. आता मी त्याला वाईट वळण लावलं, असं कोणी म्हणणार नाही."

पियानो त्याला कॉन्व्हेंटमध्ये सापडला. मावशी तिथे भाजी द्यायला जायची, तो बरोबर असायचा. पियानो शिकवणाऱ्या सिस्टरने पाहिलं की हा मुलगा एक पट्टी दाबतो, लाकडाला कान लावतो, आणि तो स्वर पूर्ण विरेपर्यंत दुसरी दाबत नाही. त्यांनी त्याला घाई केली नाही. पुढे कॉन्व्हेंटने नवं वाद्य घेतलं आणि जुना पियानो टेम्पोतून, केळीची पानं अंथरून, बेनीच्या घरी आला. तरुणपणी तो काही दिवस चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला वाजवायचा. पण दोन कडव्यांच्या मध्ये हा स्वर विरायची वाट बघत थांबायचा, आणि गाणारी मंडळी पुढे निघून जायची. फादर प्रेमाने म्हणाले, "बेनी, लोकांना घरीही जायचं असतं रे." त्यानंतर तो वाजवायला गेला नाही. घरच्या खोलीत स्वतःचं रचू लागला.

नव्वदच्या सुमारास मी तुळिंजला दवाखाना थाटला. खाली बाजार, वर मी. रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्यांच्या हाका, आणि आतल्या ड्रिलचा आवाज ऐकून बाहेर बसलेल्यांचे चेहरे पांढरे पडलेले. एकदा बेनी स्वतःचा दात दाखवायला आला आणि दारातूनच परत गेला. पुढच्या रविवारी मी गिरीजला गेले तर म्हणाला, "वैजयंती, तुझ्या दवाखान्यासाठी केलंय. ऐक." मी माझ्या साध्या टेपरेकॉर्डरवर ते उतरवून घेतलं. डाव्या हाताचे संथ, जड स्वर आणि त्यांच्यावर उजव्या हाताचा एखादाच, कुणी खांद्यावर हात ठेवावा तसा. मी नाव विचारलं. "दात दुखतो तेव्हा," तो म्हणाला.

ती कॅसेट मी बाहेरच्या खोलीत लावायला लागले. लोकांचे खांदे खाली आलेले दिसायचे. जूचंद्रचे एक मिठागरवाले आजोबा नंबर आला तरी उठेनात. "थांब गो बाय," म्हणाले, "पानी वाहातंय, ते संपू दे." आणि एके दिवशी दाढ धरून खुद्द पास्कूकाका आले. खोलीत गर्दी होती. एका बाईच्या मांडीवर मघापासून रडणारं मूल झोपलं होतं. कोणी बोलत नव्हतं. काका दारातच थबकले. हे सूर त्यांनी घरी रोज ऐकले होते, पण ते ऐकत बसलेली माणसं पहिल्यांदाच पाहिली. शेजारच्या गृहस्थांनी त्यांना विचारलं, "छान आहे ना?" काका म्हणाले, "माझा मुलगा आहे तो." कोणी न विचारता बेनीला 'माझा मुलगा' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. त्या आठवड्यापासून वाडीचा पंप बेनी फिरायला जायचा त्या वेळेतच चालू लागला.

पेशंटांकडून पेशंटांकडे कॅसेटच्या नकला गेल्या. प्रसूतिगृहांनी मागितल्या, आणि मग मुंबईची एक कॅसेट कंपनी आली. त्यांना मागे कोकिळेचा आवाज घालायचा होता आणि मूळ टेपमध्ये ओरडलेला कावळा काढायचा होता. बेनी म्हणाला, "कोकिळा नव्हती. कावळा होता." नावही गोड हवं होतं, तेही त्याने बदललं नाही. शेवटी कंपनीने सगळं मान्य केलं, फक्त एक अट घातली. प्रकाशनाला त्याने लोकांसमोर वाजवायचं.

वसईतला हॉल भरला होता. पहिली रचना संपली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बेनी उठला, आणि पियानोखाली जाऊन कानांवर हात घेऊन बसला. काही जण हसले. आता हा परत कधी वाजवणार नाही, असंच मला वाटलं. तेवढ्यात पास्कूकाका पहिल्या रांगेतून उठून मंचावर गेले. माइक त्यांनी हाताने बाजूला सारला. "टाळ्या वाजवू नका," हळू आवाजात म्हणाले, "त्याला लागतात." आणि धोतर आवरून ते स्वतः पियानोखाली शिरले, मुलाशेजारी बसून राहिले. बराच वेळ कोणी हललं नाही. मग बेनी बाहेर आला आणि उरलेलं सगळं वाजवलं. काका खालीच बसून होते. शेवटचा स्वर विरल्यावर लोक उठले ते चपला हातात घेऊन. एवढा मोठा हॉल रिकामा झाला, पण पावलं वाजली नाहीत. बेनीने मला विचारलं, "त्यांना आवडलं नाही का?" मी म्हटलं, "फार आवडलं." "मग ठीक आहे," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने मंचावर कधी वाजवलं नाही, पण कॅसेटी निघत गेल्या, पुढे सीडी आल्या. आजारी माणसांच्या वॉर्डांत, झोप न येणाऱ्यांच्या घरांत बेनी पोचला. भेटायला येणाऱ्यांना तो एवढंच विचारायचा, "झोप लागली का?" लागली म्हटलं की खूश. तिकडे अंत्ययात्रेला बँड असतो, त्याच्या अंत्ययात्रेला नव्हता. आमच्या वाटेवरच्या तरुणांनी कोणी न सांगता मोटरसायकली बंद करून हाताने ढकलत नेल्या.

परवा मी गिरीजला गेले. त्या घरात खुर्च्यांच्या पायांना अजून जुन्या कापडाच्या चिंध्या बांधलेल्या आहेत. मावशी कडी लावताना खाली बोट धरते, कप ठेवताना आधी बशीवर करंगळी टेकवते. इतक्या वर्षांत अंगवळणीच पडलंय. चहा झाल्यावर उठताना माझ्याच हातून स्टीलचं ताट निसटलं आणि फरशीवर घणघणत फिरत राहिलं. मी जागच्या जागी गोठले. मावशीने वाकून त्यावर हात ठेवला, ताट थांबलं. मग बेनीच्या बंद खोलीच्या दाराकडे बघून ती सवयीने म्हणाली, "काही नाही रे बाबा... ताट पडलं."