इवायांनी न केलेली फर्माईश

आमच्या इवायांएवढं गाणं ऐकणारा माणूस सबंध परभणी जिल्ह्यात नाही. कुणी आहे म्हणत असेल तर त्याला माझ्यासमोर आणून बसवा. मी चौथी शिकलोय, रेल्वेच्या रुळावर घण मारण्यात उमर गेली, पण माणूस पारखण्यात मी चुकत नाही. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. ते चुडाव्याला, मी पूर्णेला. भीमजयंतीचा महिना लागला की हा माणूस घरी सापडत नाही. जिथं गाण्याचा कार्यक्रम, तिथं हे हजर. एकदा त्यांच्या धाकट्या पोरीला बघायला पाहुणे आले, अन् हे त्याच दिवशी वालूरला गाणं ऐकायला गेलेले. दुसऱ्या दिवशी आल्यावर इहीणबाईंनी, म्हणजे लेकीच्या सासूनं, आडवंतिडवं बोलायला सुरुवात केली, तर हे म्हणाले, "पोरगी तर घरीच हुती की! माझ्यात काय बघायचं हुतं त्यांला?"

त्यांचं ऐकणंही जगावेगळं. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली तरी बसणार नाहीत. स्टेजच्या डाव्या अंगाला, जिथं मोठ्या बॉक्सच्या दणक्यानं लहान लेकरं रडतात, तिथं हे पोतं अंथरून बसतात. एका कानात कापूस. मी विचारलं तर म्हणाले, "ह्या कानाकडून लोक बोलतेत." टाळी वाजवणार नाहीत, मान डोलवणार नाहीत. गाणं मनाला आलं की डोक्यावरची पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, बस. नाही आलं तर टोपी डोक्यावर. एका नवख्या ढोलकीवाल्याला कुणीतरी हे सांगून ठेवलं होतं. त्या बिचाऱ्याचं बोटांकडं कमी अन् टोपीकडं जास्त ध्यान. टोपी काही निघेना, म्हणून त्यानं भर गाण्यात दोनदा ढोलकीच्या दोऱ्या आवळल्या. इवाई मला हळूच म्हणाले, "ढोलकी चांगली हाय हो. त्येलाच जरा आवळा."

पण खरी गंमत फर्माईशीची. आमच्याकडं कार्यक्रमात चिठ्ठ्यांचा पाऊस पडतो. अमुक गाणं म्हणा, तमुक गाणं म्हणा, अन् खाली पाठवणाऱ्याचं नाव ठळक. गाणं पाच मिनिटं अन् नावं दहा मिनिटं. इवायांनी उभ्या जन्मात एक चिठ्ठी लिहिली नाही. एक बाई आहे गाणारी, चाळीसेक सालांपासून गाते. तिचं एक झोळीचं गाणं इवायांच्या जिवात बसलेलं. शेतात बाभळीला झोळी बांधून आई खुरपायला जाते, तिचं ते गाणं. तरुणपणी नवरा-बायकोनं मिळून ऐकलं होतं. पुढं लोकांना नाचायची गाणी लागली, बाईनं ते म्हणायचं सोडलं. दहा-बारा सालं हा माणूस तिच्या दर कार्यक्रमाला जातो, आज म्हणेल, आज म्हणेल म्हणून. चार सालांखाली इहीणबाई गेल्या, तेव्हापासून तर जास्तच. मी म्हणलो, "अहो, चिठ्ठी द्या की एक." तर डोळे मोठे करून म्हणाले, "आज्यानं गावात भाकर मागितली. बापानं मागायची सोडली. अन् मी गाणं मागू? तिच्या मनानं आलं तर माझं."

औंदा बाई आमच्या पूर्णेत आली. डॉक्टरनं गाणं बंद करायला सांगितलेलं, म्हणून हा तिचा शेवटचा कार्यक्रम. दुपारी चारला सुरू, सातला मिरवणूक. डीजेची गाडी साडेसहालाच मंडपाच्या तोंडाशी येऊन उभी राहणार होती. मी कमिटीत असल्यामुळं इवायांना मानानं पुढं बसवायला गेलो, तर ते आपल्या पोत्यावर. मला जवळ ओढून म्हणाले, "एक सांगतो. झोळीच्या गाण्याला ती पेटी सोता वाजवती. पेटी पुढ्यात ओढली की समजायचं, आलं."

पाच वाजले. साडेपाच. बाई एकापुढं एक गाणी म्हणतेय, लोक नाचताहेत, पेटी मात्र पेटीवाल्याच्याच पुढ्यात. सहा वाजले. इवायांची टोपी डोक्यावर, नजर पेटीवर. मधूनच बाई पेटीकडं वळली, इवायांचा हात टोपीला गेला. बाईनं पेटीमागचा पाण्याचा तांब्या घेतला. हात खाली आला. हे असं तीनदा झालं. चौथ्या वेळी माझ्याच्यानं बघवेना. साडेसहा झालेले, बाहेर डीजेवाला बटणं दाबून धाडधाड तपासणी करायलेला. मला वाटलं, गेलं. ह्या माणसाचं ह्या जन्मातलं गाणं गेलं. मी कमिटीच्या वहीचं पान फाडलं अन् मोठ्या अक्षरात लिहिलं, "चुडाव्याचे आमचे इवाई यांची फर्माईश, झोळीचं गाणं." पान पुढच्याच्या हातात दिलं. गर्दी एवढी की चिठ्ठी हातोहातच स्टेजवर जाते.

चिठ्ठी चार माणसं पुढं गेली अन् बाईनं हात लांब करून पेटी ओढली.

मी बघितलं. इवायांनीही बघितलं. बाई पेटीचा भाता मोकळा करायली होती. इवायांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.  अन् माझी चिठ्ठी चाललेली पुढं! मी ओरडलो, "ये, थांबवा ती चिठ्ठी! माघारी द्या!" पुढच्या बाया म्हणाल्या, "दमा हो बाबा, जातीय तुमची चिठ्ठी, काय घाई हाय!" मी माणसं तुडवत निघालो. एकाच्या पायावर पाय दिला, एकीच्या डब्याला लाथ बसली. तिसऱ्या रांगेत चिठ्ठी माझ्या बोटांच्या वीतभर पुढं होती. तेवढ्यात एका भल्या माणसानं उठून ती चिठ्ठ्या वाचणाऱ्या शाळेच्या गुरुजींच्या हातात दिली. गुरुजी माईकपाशीच उभे. त्यांना वाचायचं तेवढं ठाऊक.

"चुडाव्याचे आमचे इवाई यांची फर्माईश..."

इवाई उठले. सबंध मंडपाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "म्या न्हाई मागितलं!"

 बाईची बोटं पेटीवर तशीच. तिनं त्यांच्या हातातल्या टोपीकडं बघितलं, मग इवायांकडं. म्हणाली, "मला ठावं हाय दादा. इतक्या सालात तुमी कधीच काई मागितलं न्हाई. वळखते मी तुमाला. बसा." मग गुरुजींच्या हातातलं पान घेऊन तिनं चुरगाळलं.  अन् पेटी हळूच बाजूला सारली. "आता म्हणलं तर मागून दिल्यावाणी हुईल. तसं तुमाला देऊ न्हाई."

तिनं शेवटची वंदना म्हणली. सगळे उभे राहिले. वंदना संपली अन् डीजे सुरू झाला. इवाई मला जयभीम न घालता निघून गेले.

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन. "बाबा, काय करून ठिवलंत तुमी? मामा धड जेवंनात, कुणाशी बोलंनात." मी मुलीचा बाप. तरी पण मी आजवर कुणापुढं वाकलो नाही, साहेबानं पगार कापला तरी वाकलो नाही. रात्रभर कूस बदलली अन् सकाळच्या गाडीनं चुडाव्याला उतरलो. इवाई ओट्यावर बसलेले. लेकीनं चहा आणून ठेवला अन् दाराआड उभी राहिली. मी म्हणलो, "चुकलो, इवाई." हा शब्द माझ्या तोंडातून कसा निघाला, माझं मला ठाऊक.

त्यांनी चहाची कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "तुमी ऐकलंय का वो ते गाणं?"

"न्हाई बा."

"न ऐकताच चिठ्ठी लिवली?"

"तुमच्यासाठी लिवली."

त्यांनी रस्त्यावर कुणी नाही हे बघून घेतलं, घसा खाकरला अन् सुरू केलं. देवा रे! ज्या माणसापुढं गाणारे घाबरतात त्याचा स्वतःचा आवाज म्हणजे बिनवंगणाचा रहाट. "वाऱ्या, हलीव झोळी, मला खुरपायचं हाय..." दारामागं लेकीनं तोंडाला पदर लावला. पण दुसऱ्या कडव्याला मला हसू येईना. दुसरं कडवं झालं अन् ते थांबले.

"फुडलं?" मी विचारलं.

"फुडलं तुमच्या इहीणबाईला येत हुतं," ते म्हणाले. "घरात ती म्हणायची, म्हणून म्या ध्यानात ठिवलं न्हाई. तेवढं एक कडवं ऐकायचं हुतं."

चहावर साय धरली.  मग मी म्हणलो, "इवाई, जेवढं येतंय तेवढंच म्हणा की पुन्हा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. अन् म्हणलं. पहिल्यापेक्षा जरा सावकाश.